मागच्या डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन सेटिंग: हत्यारं, मोजमापं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं शेड आहे. निम्मं काम मागच्या एक्सलचं. पुणे-हैदराबाद रस्त्यावरचे टेम्पो, उसाच्या हंगामात गावोगावच्या पिकअप, अधूनमधून एखादी हौसेनं सांभाळलेली जुनी जीप. बार्शी, मंगळवेढा, इंडीकडून मिस्त्री लोकांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. इथले आकडे हलक्या गाड्यांचे, सर्वसाधारण आहेत. गाडीचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातलाच आकडा धरा, माझा नको.

१. सेटिंग सेटिंग म्हणतात, पण नेमकं मोजायचं काय असतं?

डिफरन्शियल (डिफ) म्हणजे मागच्या एक्सलमधला गियरचा संच. त्यात पिनियन हे लहान गियर, प्रोपेलर शाफ्टकडून फिरणारं, आणि क्राउन हा त्यानं फिरणारा मोठा. मोजायच्या चार गोष्टी. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेकडे किती आत बसलंय ती खोली, पिनियनच्या दोन बेअरिंगवरचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब), क्राउन आणि पिनियनच्या दातांमधला बॅकलॅश (मोकळी फट), आणि क्राउन ज्यावर बसतो त्या केजच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचा प्रीलोड. दातांवर रंग लावून घेतात तो ठसा. ते मोजमाप नाही, या चारींचा निकाल आहे. कामाचा क्रमही हाच ठेवा. खोली ठरायच्या आधी बॅकलॅशमागे लागलात तर तेच काम दोनदा करावं लागतं, कारण पिनियन हललं की बॅकलॅशही हलतो.

२. कोणती हत्यारं नसतील तर कामाला हातच लावू नये?

डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, ०.०१ मिमी दाखवणारा. शिम (जागा जुळवायला घालतात त्या पातळ चकत्या) मोजायला ०-२५ मिमीचा मायक्रोमीटर. प्रीलोडसाठी स्प्रिंग काटा किंवा लहान मापाचा काट्याचा टॉर्क पाना. क्राउनचे आणि कॅपचे बोल्ट आवळायला मोठा टॉर्क पाना. बेअरिंग काढायला दोन फाळांचा पुलर आणि प्रेस. प्रेस नसेल तर शेजारच्या वर्कशॉपमधून करून घ्या, पण छिन्नी-हातोड्यानं बेअरिंग काढू नका. ठोकायला पितळेचा ड्रिफ्ट. पिनियनची फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जिला जोडतात ती चकती) धरून ठेवायला एक मीटरभर लांब फ्लॅट पट्टीला दोन भोकं पाडून केलेला दांडा, तो कुठलाही वेल्डर तासाभरात करून देतो.

व्हर्निअरवर शिम मोजणारे बरेच भेटतात. व्हर्निअर ०.०२ दाखवतो, पण जबडा किती दाबला यावर आकडा बदलतो, आणि इथे ०.०५ नं ठसा सरकतो. मायक्रोमीटरला पर्याय नाही. इम्पॅक्ट गन असेल तर ती फक्त खोलायला वापरा. का ते प्रश्न ९ मध्ये.

३. खोलायच्या आधी काय लिहून ठेवायचं?

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक, आहे त्या अवस्थेतला बॅकलॅश तीन-चार ठिकाणी मोजून लिहा. दोन, जुन्या दातांवर ठसा घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. तीन, दोन्ही बेअरिंग कॅपवर पंच मारा, डावीकडे एक टिंब, उजवीकडे दोन, आणि हाउसिंगवरही तसंच. कॅप हाउसिंगला लावूनच बोअर झालेली असते. अदलाबदल केली की बेअरिंग गोल बसत नाही, आणि नटचे आटे असतील तर तेही जुळत नाहीत. चार, प्रत्येक शिम कुठून निघाली ते लिहून मायक्रोमीटरनं मोजा. मी पत्र्याच्या डब्याला चिठ्ठी चिकटवतो: "क्राउन बाजू", "समोरची बाजू", "पिनियन".

पूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता. सगळ्या शिम एका ट्रेमध्ये रॉकेलनं स्वच्छ धुऊन, नीट चळत लावून ठेवल्या त्यानं. शिम चकाचक, पण कोणती कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. त्या एका कामाला अडीच दिवस गेले.

४. बोलताना लोक थाऊ सांगतात, मॅन्युअलमध्ये मिमी असतं. हिशेब कसा करायचा?

एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. तोंडी हिशेबाला चार थाऊ म्हणजे ०.१० मिमी पुरतं. टॉर्कचं: १ किलो-सेमी म्हणजे ०.०९८ न्यूटन-मीटर, म्हणजे दहा किलो-सेमीला जवळपास एक न्यूटन-मीटर.

५. बॅकलॅश कसा मोजायचा आणि किती हवा?

पिनियन घट्ट धरा, जरासुद्धा हलता कामा नये. डायल गेजची सुई क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाशी टेकवा, दाताच्या पृष्ठभागाला काटकोनात आणि क्राउन ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेत. सुई तिरकी लागली की आकडा खोटा येतो. क्राउन हातानं पुढे-मागे हलवा आणि किती फरक पडतो ते वाचा. मग क्राउन फिरवून आणखी तीन ठिकाणी तसंच करा.

हलक्या गाड्यांत साधारण ०.१३ ते ०.२० मिमी, काहींत ०.२५ पर्यंत. मोठ्या ट्रकला जास्त असतो. काही जोड्यांवर कंपनीनं बॅकलॅश कोरलेलाच असतो, तसा असेल तर तोच पाळा.

६. चार ठिकाणी चार वेगळे आकडे आले. सरासरी काढू का?

नाही. ०.०५ ते ०.०८ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर क्राउन वाकडा फिरतोय. डायल गेज क्राउनच्या पाठीवर लावून फिरवून बघा. बहुतेक वेळा दोष क्राउनचा नसतोच: केजच्या फ्लँजवर एखादी बर (धातूचा बारीक उंचवटा), बोल्टच्या भोकाभोवती उचललेला धातू किंवा पुसायचा राहिलेला कचरा असतो. क्राउन काढा, दोन्ही पाठी तेलाच्या दगडानं घासा, नीट पुसा. क्राउन तेलात गरम करून बसवा. बोल्टनं ओढून बसवायचा हट्ट करू नका. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं आवळा.

फरक मर्यादेत असेल तर सर्वात कमी आकडा आला ती जागा धरून सेट करा. तिथे बॅकलॅश किमान मर्यादेच्या खाली गेला तर प्रत्येक फेऱ्याला दात एकदा घट्ट होणार.

७. बॅकलॅश कमी-जास्त करायला शिम किती हलवायची?

केजच्या दोन्ही बाजूंना शिम असतील तर एका बाजूची काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घाला, म्हणजे बेअरिंगचा प्रीलोड बदलत नाही. ०.१० मिमी शिम इकडची तिकडे केली की बॅकलॅश साधारण ०.०७ मिमीनं बदलतो. समजा ०.२८ आलाय आणि ०.१८ हवाय. फरक ०.१०. म्हणजे ०.१४ मिमी क्राउनच्या पाठीमागच्या बाजूला वाढवा आणि समोरची तेवढीच कमी करा. क्राउन पिनियनकडे सरकतो.

शिमऐवजी खाचांचे गोल नट असतील तर काम सोपं. एका बाजूचा नट एक खाच सैल, दुसऱ्या बाजूचा एक खाच घट्ट. शेवटची हालचाल नेहमी घट्ट करण्याची असावी. सैल करत आकड्यावर आलात तर बेअरिंगची कोन जागच्या जागी बसलेलीच नसते.

८. पिनियनची खोली मोजायचं खास गेज माझ्याकडे नाही. काय करू?

लेथवाल्याकडून एक मँड्रेल करून घ्या. केजच्या बेअरिंगच्या दोन्ही बोअरमध्ये घट्ट बसतील अशा दोन चकत्या आणि त्यातून आरपार जाणारा ४०.०० मिमीचा ग्राइंड केलेला बार. मँड्रेल बसवला, कॅप आवळल्या की बारची मध्यरेषा तीच क्राउनची मध्यरेषा. आता बारच्या खालच्या कडेपासून पिनियनच्या डोक्यापर्यंतचं अंतर स्लिप गेजनं किंवा डेप्थ मायक्रोमीटरनं मोजा आणि त्यात बारचा अर्धा व्यास मिळवा.

उदाहरण: अंतर ४६.३५ आलं, अधिक २०.००, एकूण ६६.३५. कंपनीचा आकडा ६६.५० असेल तर पिनियन ०.१५ मिमी जास्त आत आहे. डोक्यामागच्या बेअरिंगखालची शिम ०.१५ नं पातळ करा.

दर वेळी प्रेसवर बेअरिंग चढवायचं-उतरवायचं म्हणजे डोक्याला ताप, आणि नवं बेअरिंगही खराब होतं. त्याच नंबरचं जुनं, पण चांगल्या अवस्थेतलं बेअरिंग घ्या आणि त्याचं आतलं भोक एमरी लावून इतकं मोठं करा की ते हातानं सरकेल. शिम ठरेपर्यंत ते वापरा, मग नवं चढवा. शेवटी एकदा पुन्हा मोजा, कारण जुन्या-नव्या बेअरिंगच्या जाडीत थोडा फरक निघतोच.

पिनियनच्या डोक्यावर कोरलेल्या +२, -३ अशा खुणा म्हणजे ठरलेल्या खोलीपासून या पिनियनला किती फरक हवा ते. डाना कंपनीच्या पद्धतीच्या एक्सलमध्ये जुन्यावर -१ आणि नव्यावर +२ असेल तर शिम तीन थाऊनं पातळ होते. सगळ्या कंपन्यांची अधिक-उण्याची भाषा एक नाही, म्हणून खुणेवरून पहिली शिम ठरवा आणि शेवटचा निर्णय ठशावर सोडा.

९. पिनियन नटचा टॉर्क आणि प्रीलोड एकच का?

दिवसाआड कोणी ना कोणी हे विचारतं. एक नव्हे. नट आवळायला लागतो तो एक टॉर्क, शेकडो न्यूटन-मीटरमध्ये. प्रीलोड म्हणजे नट आवळून झाल्यावर पिनियन फिरवायला लागणारी ताकद, दोन-तीन न्यूटन-मीटर. मोजायची ती दुसरी.

क्राउन आत नसताना, नुसतं पिनियन बसवून मोजा. फ्लँजला सुतळी गुंडाळा, टोकाला स्प्रिंग काटा लावा आणि सावकाश, एकसारखं ओढा. हलायला लागतानाचा पहिला झटका धरू नका, फिरत असतानाचा आकडा धरा. सुतळी फ्लँजच्या मध्यापासून ५ सेमीवर असेल आणि काटा ३ किलो दाखवत असेल तर १५ किलो-सेमी झाले. नव्या बेअरिंगला साधारण २० ते ३५ किलो-सेमी, जुन्याच बेअरिंगला त्याच्या निम्मे. बेअरिंगला तेल लावलेलं हवं आणि मोजण्याआधी पाच-दहा फेरे दिलेले हवेत.

भाजीवाल्यांकडे पूर्वी असायचा तसला दहा किलोचा काटा चालतो, पण एकदा माहीत असलेल्या वजनावर तपासून घ्या. माझा जुना काटा पाव किलो जास्त दाखवायचा. वर्षभर मला वाटत होतं माझं सेटिंग घट्ट होतंय.

गाडीत क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली दबणारी नळी) असेल तर नट आवळताना ती दबते आणि प्रीलोड येतो. दबायला सुरुवात झाली की शेवटचा टप्पा फार लवकर येतो. नटचा पाचेक अंशाचा फेरा, मग काटा, पुन्हा फेरा, पुन्हा काटा. इम्पॅक्ट गननं हे जमतच नाही.

१०. क्रश स्लीव्ह जास्त दबली. नट थोडा मागे घेतला तर चालेल?

नाही. स्लीव्ह एकदा दबली की परत फुगत नाही. नट मागे घेतला की काटा बरोबर आकडा दाखवेल, पण बेअरिंगच्या मध्ये पकड राहिलेली नसते, भार आला की पिनियन हलतं. नवी स्लीव्ह घाला आणि पहिल्यापासून करा.

मी हे अनुभवानं सांगतोय. सुरुवातीच्या दिवसांत एका पिकअपमध्ये मी नट अर्धा फेरा मागे घेतला आणि गाडी दिली. आठ दिवसांत ती नळदुर्गकडून टोइंग करून परत आली. पुढचं पिनियन बेअरिंग निळं पडलेलं, सील जळलेलं. दोन बेअरिंग, सील, स्लीव्ह, तेल सगळं माझ्या खिशातून गेलं. त्या गाडीचा मालक पुढे सहा महिने माझ्याकडे आला नाही. तेव्हापासून दर कामाला दोन स्लीव्ह आणून ठेवतो.

११. ठसा कशानं घ्यायचा, आणि शेंदूर चालतो का?

चालतो. मार्किंग ब्लू मिळतं, पण काळ्या पडलेल्या दातांवर निळं दिसत नाही. शेंदूर गियर ऑइलमध्ये घट्ट कालवा, पेढ्यापेक्षा थोडा सैल, आणि क्राउनच्या चार-पाच दातांना दोन्ही बाजूंनी ब्रशनं पातळ लावा. मग क्राउनवर लाकडी पट्टीनं किंवा चिंधीनं ब्रेक धरून पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. भाराशिवाय घेतलेला ठसा फसवतो. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. भाकरीला बसण्याआधी हात साबणानं घासून धुवा, आणि ब्रश पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

१२. ठसा वाचायचा कसा?

आधी बाजू ओळखा. क्राउनच्या दाताची फुगीर बाजू ती पुढे ओढतानाची, आणि खोलगट बाजू ती पाय काढल्यावरची. मग दोनच प्रश्न विचारा: ठसा दाताच्या माथ्याकडे आहे की मुळाकडे, आणि बाहेरच्या टोकाकडे आहे की आतल्या?

माथा-मूळ याचा संबंध पिनियनच्या खोलीशी. दोन्ही बाजूंना ठसा मुळाशी गेलाय तर पिनियन जास्त आत आहे, शिम पातळ करा. दोन्ही बाजूंना माथ्याकडे तर पिनियन बाहेर आहे, शिम जाड करा. आतलं-बाहेरचं टोक मुख्यतः बॅकलॅशशी जोडलेलं: बॅकलॅश वाढवला की ठसा बाहेरच्या टोकाकडे सरकतो, कमी केला की आतल्या. हवा तो ठसा माथा आणि मूळ यांच्या मधोमध, कडेला न भिडता. लांबीत जरा आतल्या टोकाकडे असला तरी चालतो, कारण भाराखाली तो बाहेर सरकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅकलॅश बरोबर आणि ठसा चुकीचा असेल तर ठसा खरा धरा, खोली बदला आणि मग बॅकलॅश परत आणा.

१३. जुनीच जोडी ठेवून फक्त बेअरिंग बदललं. आता बॅकलॅश पुस्तकाप्रमाणे करू का?

इथे नियम उलटा आहे. झिजलेल्या दातांची एकमेकांशी सवय झालेली असते. खोलायच्या आधीचा जो बॅकलॅश लिहून ठेवलाय तोच परत आणा, मग तो पुस्तकाच्या मर्यादेबाहेर, समजा ०.३०, असला तरी. ०.१५ वर आणलात तर दात न झिजलेल्या जागी भिडतात आणि शांत गाडी गुणगुणायला लागते. प्रश्न ३ मध्ये लिहा, लिहा असं म्हटलं ते यासाठीच.

१४. दुकानदार म्हणतो पिनियन एकटं मिळेल, दातांची संख्या तीच आहे.

घेऊ नका. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जोडी बनवलेली असते, आणि दोन्हीवर सारखा जोडीचा नंबर असतो. ९ आणि ४१ दात, म्हणजे ४.५६ चा रेशो, दोन जोड्यांत सारखा असला तरी त्या भावंडं होत नाहीत. मला एकदा बंद खोक्यातून वेगवेगळ्या नंबरचे दोघे मिळाले होते. गाडीला बसवल्यावर नव्हे, काउंटरवरच नंबर वाचायची सवय लावून घ्या.

१५. आवाजावरून दोष कुठला ते कळतं का?

बऱ्यापैकी. पाय दाबल्यावर शिट्टी वाजते तर ओढण्याच्या बाजूचा ठसा बघा. पाय काढल्यावर वाजते तर दुसऱ्या बाजूचा. पाय कसाही असला तरी घरघर आहे तर बेअरिंग. फक्त वळताना आवाज आहे तर स्टार पिनियन (केजच्या आतले लहान गियर) किंवा चाकाचं बेअरिंग. गियर टाकताना ठक्‌ होतं तर डिफ खोलण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हातानं हलवून बघा, निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो.

मोहोळचे एक गिऱ्हाईक म्हणाले, "वस्ताद, साठला शिट्टी मारते बघा, सत्तरला गप्प." मी शेजारी बसून हायवेला गेलो. डांबरी रस्ता सोडून सिमेंटवर आलो तसा आवाज बदलला. डिफचा आवाज रस्ता बदलला म्हणून बदलत नाही. टायर निघाले.

१६. उन्हाळ्यात मोजमाप चुकतं असं म्हणतात, खरं का?

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. पोलाद १०० मिमी लांबीला वीस अंशांत ०.०२३ मिमी वाढतं. म्हणजे उन्हात पडलेला मँड्रेल आणि सावलीतलं हाउसिंग यांत थाऊभर फरक सहज येतो. हत्यारं आणि हाउसिंग एकाच जागी रात्रभर राहू द्या आणि सकाळी सातला मोजा. मी उन्हाळ्यात खोलीचं माप सकाळीच घेतो, दुपारी धुणं-पुसणं.

१७. ट्रॅक्टर, ट्रक आणि फोर बाय फोरला हेच सगळं लागू होतं का?

तत्त्व तेच, अपवाद वेगळे. ट्रॅक्टरमध्ये गियरबॉक्स, हायड्रॉलिक आणि कधी कधी तेलातले ब्रेक यांचं तेल एकच असतं. तिथे सवयीनं डिफचं ईपी ९० ओतू नका, कंपनीनं सांगितलेलंच तेल घाला.

मोठ्या ट्रकमध्ये पिनियनच्या शेंड्याला तिसरं बेअरिंग असतं, आणि क्राउनच्या पाठीमागे बऱ्याचदा थ्रस्ट स्क्रू. तो क्राउनला टेकेपर्यंत फिरवा, अर्धा फेरा मागे घ्या आणि चेकनट आवळा.

फोर बाय फोरच्या पुढच्या एक्सलमध्ये काही ठिकाणी उलट कटाचे नव्हे, मागच्यासारख्याच साध्या कटाचे गियर असतात. तिथे ओढण्याची बाजू खोलगट असते, म्हणून प्रश्न १२ मधली बाजू ओळखायची खूण उलटी धरा.

१८. काम झालं. तेल कुठलं, आणि गाडी लगेच भरायची का?

पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतं त्या हायपॉइड डिफमध्ये दात एकमेकांवर घसरतात, म्हणून जीएल-५ दर्जाचंच तेल लागतं. लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरत फिरू न देणारं डिफ) असेल तर त्याचं वेगळं अ‍ॅडिटिव्हही.

नव्या जोडीला पहिल्या दिवशी रिकामी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा, थांबवा, हाउसिंग हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्या. असं दोन-तीनदा. पहिले ८०० किलोमीटर पूर्ण भार नको, मग तेल बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखेसारखी बारीक पूड असली तर ठीक. तुकडा सापडला तर हाउसिंग पुन्हा खोलावं लागेल. ऊसवाल्यांना हे सांगणं अवघड जातं, कारखाना सुरू झाला की गाडी उभी ठेवायला कुणी तयार नसतं. म्हणून मी त्यांना दसऱ्याआधीच बोलावतो.